गॅरेजमधली एअर लाइन आणि सुनंदाचं स्टूल

भूत, करणी, नजर लागणं... मला हे सगळं थोतांड वाटतं, आधीच सांगतो. कोयलीच्या रिफायनरीत तीस वर्षं मेन्टेनन्समध्ये काढली. पाइपमधून काही सुटत असेल तर त्याला कारण असतं आणि शोधलं की ते सापडतं, एवढीच माझी श्रद्धा. तेव्हा खालचं वाचून हसायचं असेल तर खुशाल हसा.

रिटायर झाल्यावर समा भागातल्या आमच्या टेनामेन्टच्या, म्हणजे छोट्या बंगलीच्या, गॅरेजमध्ये मी छोटं वर्कशॉप काढलं. खरं कारण सांगू? दिवसभर बायकोच्या पायात पायात यायला नको म्हणून. सुनंदाची स्कूटर बाहेर उन्हात गेली. ती म्हणाली, "रविवारपर्यंत तुमचं हे चालू झालं तर ठीक. नाही तर स्कूटर आत आणि तुम्ही बाहेर."

कोपऱ्यात कॉम्प्रेसर, भिंतीवरून हवेचा पाइप, आत पाणी साचू नये म्हणून हलका उतार, प्रत्येक जोडाला टेप. आठ किलो प्रेशर भरलं, कॉम्प्रेसर बंद केला आणि जेवायला गेलो. तासाभराने पाहतो तर गेजची सुई तीनवर! जोडांना साबणाचं पाणी लावलं... एक बुडबुडा येईल तर शपथ. सगळे जोड खोलून पुन्हा बसवले, समोर ठाण मांडून बसलो. डोळ्यांदेखत सुई उतरली.

शनिवारी सकाळी सुनंदा गवार मोडायला गॅरेजमध्ये स्टुलावर येऊन बसली — किचनमध्ये उकडत होतं म्हणे. तास झाला, सुई आठवर. ती कुकर लावायला उठली... साडेसात, सात, सहा.

मी म्हटलं, योगायोग. शेजारच्या हसमुखभाईंना त्याच स्टुलावर बसवलं. सुई तीनवर. "साहेब, मारुं वजन ओछुं पडे छे," शंभर किलोचे हसमुखभाई स्टूल सावरत गुजरातीत म्हणाले. म्हणजे त्यांचं वजन कमी पडतंय!

रविवारी सुनंदा तपासणीला आली, सुई जागची हलली नाही. वर्कशॉप पास! पण आता काम करायचं तर तिला बोलावणं भाग होतं. "चहा इथेच घेऊ या." "हा रंग कसा वाटतो, बघ जरा." जिच्यापासून लांब बसायला एवढा खटाटोप केला, तिलाच रोज हाका मारत होतो.

गेल्या आठवड्यात तिने घरातली उशी आणून स्टुलावर ठेवली आणि ऐसपैस बसली.

"मी उठले की सुई पडते ना?"

मी गार. "तुला कसं कळलं?"

"खिडकीतून दिसतं सगळं. मी गेले की साबणाचं डबडं घेऊन धावता."

"मग बोलली का नाहीस?"

"तीस वर्षांत चहाला कधी हाक मारली होतीत?"

फार वाईट वाटलं, खरं सांगतो. मी गुपचूप तिचा कप भरला.

इथे कोणी पाइपवाले असतील तर कारण जरूर सांगा, मला अजून सापडलेलं नाही. फक्त एक विनंती — दुरुस्तीचा उपाय सांगू नका.