लोलकावरचा तेलकट थर

मंडळी, आज सकाळी मी सलीमचाचांवर उगाच खेकसले.

सुट्ट्यांमुळे आमचं बुलढाण्याचं कॉलेज रिकामं आहे. प्रयोगशाळेत तर मी एरवीही एकटीच असते. काचेच्या लोलकात प्रकाश आतल्या आत परत फिरतो, पण फिरताना काचेबाहेर अगदी जरासा डोकावतो. त्या डोकावण्यावरून मी केसापेक्षा हजारपट पातळ थरांची जाडी मोजते.

आज आकडा सारखा जास्तच येत होता. चार वेळा मोजलं. शेवटी लोलक उजेडात तिरपा धरला, तर त्यावर तेलकट रेघा!

"चाचा, याला कोणी हात लावला?"

आमचे शिपाई सलीमचाचा बावरले. "म्याच पुसला न मॅडम, माह्या खांद्यावरच्या दुपट्ट्यानं. तुम्ही रोज एकट्याच काम करून राह्यल्या. म्हटलं, तुमाले थोडी मदत होईन."

मी नको तेवढं बोलले. ते खाली मान घालून निघून गेले.

दुपारी लोलक धुवायला घेतला आणि थांबले. सहा महिन्यांत माझ्या कामाला माझ्याशिवाय लागलेला हा एकच हात. माझ्या यंत्राला तो सकाळीच कळला होता.

लोलक अजून धुतलेला नाही. तुमच्या कामाला असा हात शेवटचा कधी लागला होता?