पगारे भाऊंच्या डायरीवरचे शेरे

निवृत्ती पगारे म्हणजे आमच्या कॉलनीतले सगळ्यात नीटनेटके गृहस्थ. कोथिंबीर आणायला निघाले तरी शर्ट इन केलेला आणि खिशाला दोन पेनं. जन्मभर एका सरकारी कार्यालयात आवक-जावकचं टेबल सांभाळलं. आलेल्या कागदाची नोंद, गेलेल्या कागदाची नोंद. रिटायर होऊन काही वर्षं झाली, पण ऑफिस अजून अंगातून गेलेलं नाही. बोलताना मध्येच 'सदर' म्हणतात. सदर भेंडी निबर आहे, असं त्यांनी भाजीवाल्याला सुनावलेलं मी या कानांनी ऐकलंय.

माझं नाशिकरोडला झेरॉक्सचं दुकान आहे. मे महिन्यात दाखल्यांची गर्दी असते आणि माझं डोकं तापलेलं असतं. अशा एका दुपारी भाऊ दोन कापडी पिशव्या घेऊन आले.

"जयभीम, ज्योत्स्नाताई. काम जरा गोपनीय आहे."

पिशव्यांत डायऱ्या होत्या. खतवाल्यांनी, विमावाल्यांनी, पतपेढ्यांनी नव्या वर्षाला फुकट वाटलेल्या. लग्न झाल्यापासून भाऊ रोज लिहीत होते. त्यांना दोन प्रती हव्या होत्या, एक मुलाला, सनीला, आणि एक मुलीला, तेजलला. एक जूनला त्यांचा वाढदिवस, तेव्हा द्यायच्या. एक जून हा त्यांच्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी तारीख टाकली ती खरी.

"एवढं लिहिलंत तरी कशाला?" मी विचारलं.

"माझे वडील मनमाडला हमाली करायचे," भाऊ म्हणाले. "मी रांगत होतो तेव्हाच गेले. त्यांच्या हातचं एक चिठोरं नाही. त्यांना चहा गोड लागायचा की कमी साखरेचा, एवढंसुद्धा मला माहीत नाही. माझ्या पोरांचं तसं व्हायला नको. त्यांना बाप माहीत असला पाहिजे, ताई."

हे बोलून ते वर पंख्याकडे बघत बसले. मी एरवी कोणाला सोडत नाही, पण तेव्हा दरसुद्धा सांगितला नाही. मी पिशव्या आत ठेवून घेतल्या.

झेरॉक्सवाल्याने गिऱ्हाइकाचे कागद वाचू नयेत, हा नियम मला मान्य आहे. मी तो कधीच पाळलेला नाही. पहिलीच डायरी उघडली, लग्नाचा दिवस. 'विवाह संपन्न. उपस्थिती समाधानकारक. जेवण पुरेसे.' पुढे एका पानावर 'सासूबाई आवक' आणि आठवड्याने 'सासूबाई जावक'. मी एकटीच हसत सुटले. पण वाचत गेले तसं हसू ओसरलं. पानामागून पान तसंच. 'दुचाकी खरेदी केली. सराव सुरू.' 'चि. सनी दहावीस अनुत्तीर्ण. समज देण्यात आली.' सगळं नेमकं, सगळं खरं, आणि भाऊंचा कुठे पत्ता नाही. पोरांनी हे वाचलं तर त्यांना कार्यालय कळेल, बाप कळणार नाही. मला त्या माणसाची फार दया आली. आणि रागही आला, कारण हे आता त्यांना सांगणार कोण?

दुसऱ्या दिवशी त्यांची बायको, शकुबाई, आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आली. शकुबाई माहेरची नांदगावची, तोंडाने फटकळ आणि मनाने मोकळी. माझ्या पोटात काही राहत नाही. मी तिला स्टुलावर बसवलं आणि तेजल जन्मली त्या दिवसाचं पान वाचून दाखवलं. 'पत्नी प्रसूत. कन्या. उभयतांची प्रकृती ठीक. किरकोळ रजेचा अर्ज सादर.'

शकुबाईचा चेहरा लालबुंद झाला. "एवढंच? लय भारी! नऊ महिने मी वझं वागवलं अन् ह्यांनी रजेचा अर्ज लिव्हला व्हय?"

ती पानाकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "ही डाव्या बाजूला एवढी जागा कोरी का सोडली?"

ती भाऊंची सवय. ऑफिसात टिपणी लिहिताना डावीकडे रुंद समास सोडायचा असतो. कागद वर गेला की साहेब तिथे आपला शेरा लिहितात. घरच्या डायरीवर कोण साहेब शेरा मारणार होता, देव जाणे. पण भाऊंनी प्रत्येक पानावर इमानदारीत जागा सोडली होती.

हे कळल्यावर शकुबाईने माझ्या गल्ल्यावरचं पेन उचललं.

तिथून पुढे ती रोज भांडी आवरली की दुकानात यायची, आणि मी काढलेल्या प्रतींवर शेरे लिहायची. शिक्षण चौथीपर्यंत, अक्षर मोठं, ओळ डोंगर चढल्यासारखी वर जाणारी. एका प्रतीवर लिहून झालं की मी त्या पानाची पुन्हा झेरॉक्स काढायची. भाऊ चौकशीला आले की मी सांगायची, मशीन बिघडलंय. त्यांनी मला मशीनच्या दुरुस्तीबाबत लेखी तक्रार करण्याचा सल्ला दिला.

दुचाकीपाशी शकुबाईने लिहिलं, 'सराव कसला, म्हशीला धडकले. म्हशीला काय नाय झालं. हे लंगडत होते अन् हापिसात सांगितलं जिन्यावरून पडलो.' सनीच्या नापास होण्यापाशी, 'समज बिमज काय दिली नाय. पोराला नाशकात गंगेच्या घाटावर नेऊन भेळ चारली, अन् घरी येऊन मला म्हणले, लय ओरडलो गं त्याला.' मी वाचून हसून लोळायची बाकी होते. दुकानात आलेली गिऱ्हाइकं ताटकळायची. मी म्हणायची, थांबा, सरकारी काम आहे.

एक जून उजाडला. सनी पुण्याहून आला, तेजल सासरहून आली, केक आला. मलाही बोलावणं होतं. आणि नसतं तरी मी गेलेच असते. बाइंड केलेल्या प्रती मी मुद्दाम त्याच दिवशी कागदात गुंडाळून आणल्या होत्या, आणि भाऊंनी उभं राहून त्या तशाच दोन्ही पोरांना दिल्या. "माझ्यामागे वाचा," म्हणाले. सनीने तिथल्या तिथे उघडली आणि दोन मिनिटांत खो खो हसायला लागला. "पप्पा, म्हैस?"

भाऊंनी प्रत ओढून घेतली. पान बघितलं, पुढचं बघितलं.

"दप्तरात फेरफार! माझ्या परवानगीशिवाय! ज्योत्स्नाताई, तुम्हीसुद्धा?"

मी केकच्या मेणबत्त्या मोजायला लागले.

"फेरफार नाय, शेरा," शकुबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाली. "तुम्हीच जागा सोडली हुती. एक शब्द खोटा आसंल तर दाखवा."

भाऊंनी पानं उलटली. उलटली, पुन्हा उलटली. खोटं काही सापडेना. ते खुर्चीत बसले. पोरांनी आपल्याला ओळखावं म्हणून जन्मभर राबलेला माणूस, त्याचं आम्ही हसं केलं की काय?

तेवढ्यात तेजल म्हणाली, "पप्पा, हे खरं आहे?" तिच्यासमोर तिच्या जन्माचं पान होतं. तिने आईचा शेरा मोठ्याने वाचला. 'हा माणूस दवाखान्याच्या पायरीवर बसून ढसाढसा रडला. सिस्टर म्हणली, मुलगी झाली म्हणून रडता का? तर म्हणले, नाय हो, तिचे कान बघा.'

तेजलचे कान भाऊंसारखेच, सुपासारखे. शाळेत पोरं चिडवायची, तेव्हापासून ती केस कानांवर ओढून घेते. लग्नातसुद्धा झाकलेले होते.

"माझे कान बघून रडलात?" तिने केस कानांवर आणखी ओढले.

भाऊंनी हातातली प्रत मिटली. मग बोलले, आणि त्यात एकही 'सदर' नव्हतं.

"माझी आई म्हणायची, तुझ्या बापाचं काय उरलं नाय रे, हे कान तेवढे त्यांचे. मी आरशात कितीदा बघितलं, पण स्वतःच्या चेहऱ्यात बाप दिसत नाही गं. तुला सिस्टरने माझ्या हातात दिलं, टोपडं सरकलं, आणि मला ते दिसले. वाटलं, हे असे होते माझे वडील. आयुष्यात पहिल्यांदा बघितलं मी त्यांना."

शकुबाई पदराने डोळे पुसत म्हणाली, "हे मला पण नव्हतं म्हाईत. मला वाटलं, कान वाईट म्हणून रडतेत."

सगळे हसलो, रडताना हसतात तसं. "आणि माझे कान?" सनीने विचारलं. "तुझे माझ्या भावाचे, गप बस," शकुबाई म्हणाली.

"अजून सांगा, पप्पा," तेजल म्हणाली. भाऊ सांगायला लागले, पायरी सांगितली, सिस्टर सांगितली, रजेच्या अर्जावर तारीख कशी चुकली तेही सांगितलं. तेजलने आईकडून क्लिप मागून घेतली, दोन्ही हातांनी केस गोळा केले आणि डोक्यावर उंच बांधून टाकले.