बुधीबायचे नऊ दिवस

बुधीबाय गेल्याचं मला कासाच्या बाजारात कळलं, तेही एका पोत्यावर हात ठेवून उभी असताना. पोतं शतावरीच्या मुळ्यांचं होतं. मुळ्या ओल्या होत्या आणि विकणारा त्या कडकडीत सुक्या असल्याच्या शपथा घेत होता. त्याला मी बऱ्यापैकी खाली आणलं होतं, तेवढ्यात सायवनच्या जीपचा ड्रायव्हर टपरीवरून ओरडला, "मंजूताई, तुमची म्हातारी गेली ना परवा! तुम्हाला कोणी सांगितलं नाय?" मी त्याच्याकडे पाहिलं... आणि पुन्हा पोत्याकडे वळून सौदा पुरा केला. बाजूच्या बायका म्हणाल्या, हिला काळीज नाही. म्हणोत. त्या क्षणी हात रिकामे ठेवले असते तर मी भर बाजारात ओरडले असते, आणि ते रडणं नसतं, भांडण असतं. दोन वर्षं माझ्याशी अबोला धरून, माझी बाजू न ऐकता, ही बाई परस्पर निघून गेली होती.

सायवनच्या आत एका पाड्यावर ती राहायची. बुधवारी जन्मली म्हणून बुधी. बायकांची औषधं द्यायची ती. बाळंतपणानंतरचा थकवा, पाळीतलं दुखणं, अंगावरून जाणं, जे जे बायका कुजबुजत सांगतात ते सगळं. डहाणूच्या किनाऱ्यापासून तलासरीच्या पाड्यांपर्यंतच्या बायका तिच्याकडे यायच्या. मी किनाऱ्यावरची, सुके बोंबील विकणाऱ्या घरातली. आज डहाणूत माझं वनौषधींचं दुकान आहे. ते मला कोणी बांधून दिलेलं नाही. डोक्यावर टोपली घेऊन सुरुवात केली आणि घासाघीस करत करत इथवर आले, त्यामुळे माझी जीभ तिखट आहे हे मला कोणी वेगळं सांगायला नको.

तिची नि माझी गाठ पडली ती माझ्या दुसऱ्या बाळंतपणानंतर. अंगावरून जाणं थांबत नव्हतं आणि टोपली तर उचलावीच लागत होती. कोणीतरी तिचं नाव सांगितलं, म्हणून कासाला उतरून जीपने सायवन गाठलं. तिने माझ्या डोळ्यांची पापणी खाली ओढून पाहिली आणि सरळ परत पाठवलं. "पयला दवाखान्यात जा. रक्त तपास, गोळ्या घे. डॉक्टर सोडील तेव्हा माझ्याकडं ये." मला रागच आला, एवढ्या लांब येऊन हेच ऐकायचं होतं का? पण गेले. गोळ्या घेतल्या, रक्तस्राव थांबला, अंगात मात्र काही उरलं नव्हतं. महिन्याने पुन्हा तिच्या दारात उभी राहिले.

"पुडीचा भाव काय?" मी विचारलं.

"नऊ दिवस," ती म्हणाली.

मला वाटलं, ऐकू कमी येतं हिला. "अगं, भाव विचारते मी."

"मीपण भावच सांगते. नऊ दिवस बसायचं. हंडा नाय, चूल नाय, टोपली नाय. देशील तर पुडी घे, नायतर जीप उभी हाय."

भाव म्हटल्यावर मी गप्प बसणारी नव्हे. तीन म्हणाले. ती नऊ म्हणाली. बोंबील वाळवायचे दिवस आहेत, मासळी तशीच पडून राहील, सासू घरात घेणार नाही, असं सगळं सांगून झालं. ती तांदूळ पाखडत होती, मान वर न करता नऊच म्हणत होती. शेवटी मी उठून जायचं नाटक केलं. हे नाटक माझं हमखास चालतं. दारापर्यंत गेले तर मागून म्हणाली, "बरं, पाच बस. चार तुझ्याकडं राहिले." मी जिंकले असं मला वाटलं. तिने याआधी कोणाला एक दिवसही सोडला नव्हता, हे मला नंतर कळलं.

ते पाच दिवस मी तान्ह्या बाळाला घेऊन तिच्याच घरात काढले. घरी गेले असते तर कोणी बसू दिलं नसतं, हे तिला माझ्याआधी कळलं होतं. सकाळी कोमट तेल पाठीला, मग शेक, मग नाचणीची पेज, मग पुडी. आणि त्यानंतर काही नाही. नुसतं बसायचं. कुडाच्या भिंतीला पाठ लावून बसायचं. मला सवय नव्हती, हात शिवशिवायचे. दोनदा झाडू उचलला तर तिने हातातून हिसकावून घेतला, "पाय मोडीन तुझा, शेठाणी!" तेव्हापासून मी तिची शेठाणी झाले. संध्याकाळ झाली की तांदळाचं पीठ पाण्यात कालवून वाटी माझ्यापुढे ठेवायची. पूर्ण बसून काढलेल्या दिवसाचा एक ठिपका ज्या-त्या बाईने भिंतीवर आपल्या बोटाने काढायचा. त्या भिंतीवर अशा ओळीच्या ओळी होत्या, प्रत्येक ओळ एका बाईची, प्रत्येकीत नऊ ठिपके. सहाव्या दिवशी मी निघाले तेव्हा माझी ओळ पाचावर थांबली होती.

तिथून पुढे कुठेही भेटली, बाजारात, जत्रेत, जीपमध्ये, की आधी हेच. "चार राहिले, शेठाणी." मी हसायचे. पुढे पुढे चिडायचे.

मी तिच्याबरोबर हिंडायलाही लागले. मुळी ओळखायची कशी, कधी खणायची, अर्धी जमिनीतच का ठेवायची, हे तिने मला फुकट शिकवलं. तिची सौदेबाजी पाहिली ती कैनाडला, एका चिकूच्या वाडीत राबणाऱ्या घरात. सून बाळंत होऊन महिना झाला होता आणि सासूला तिला कामावर धाडायची घाई होती. सासू म्हणाली, पाच दिवस घ्या. बुधीबाय म्हणाली, "घेते की. पण नऊच्या आधी हिनं हंडा उचलला तर औषध उलटतं बघ."

"उलटतं म्हणजे?"

"घरातल्या मोठ्या बाईच्या अंगावर जातं."

नऊ दिवस त्या सासूने स्वतः पाणी भरलं. परतताना मी हसून हसून बेजार झाले. बुधीबाय हसली नाही. "औषध हाय ते," एवढंच म्हणाली.

मी काय ऐकलं? मी ऐकलं की औषध जबरदस्त आहे. एवढ्या ठासून बोलते म्हणजे पुडीत काहीतरी आहे जे ती मला दाखवत नाही. शतावरी, धायटीची फुलं, सुंठ, एवढं मला माहीत होतं. पण तेच मी कुटून दिलं तर बायका म्हणायच्या, बुधीबायच्या पुडीसारखं वाटत नाही. म्हणजे चौथी मुळी असणारच! किती वर्षं मी तिच्या मागे लागले. गोड बोलून, साडी नेऊन, भांडून. "सांग ना, आणखी काय घालतेस?" ती प्रत्येक वेळी म्हणायची, "सगळं तुझ्यासमोर तर हाय." ही माझी तक्रार आहे आणि ती अजून गेलेली नाही. बोलता येत होतं तिला. सरळ सांगता येत होतं.

मग मी माझी पाकिटं काढली. चांगला कागद, हिरवा रंग. डहाणूत, तलासरीच्या बाजारात हातोहात जायला लागली. कंपन्यांत जाणाऱ्या बायकांना वेळ नसतो, त्यांना सोपं हवं असतं, हे धंद्यात मुरलेल्या माणसाला कळतंच. म्हणून मी पाकिटावर ठळक अक्षरात एक ओळ छापून घेतली आणि तिचा मला फार अभिमान होता. बुधीबाय मुळ्या घेऊन दुकानात आली तेव्हा मीच पाकीट तिच्या हातात दिलं. तिला वाचता येत नव्हतं. उलटसुलट करून म्हणाली, "काय लिवलंस, वाच."

मी वाचलं, गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं. "कोणतेही पथ्य पाळण्याची गरज नाही."

तिने पाकीट गल्ल्यावर ठेवलं. "मंग विकलंस काय?"

"औषध विकलं. तुझंच. बायकांना आता वेळ नसतो, बुधीबाय."

"वेळ नसतो म्हणून तर पुडी हाय, गे!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की रस्त्यावरचे लोक थांबले. मीही ओरडले. माझ्या दुकानात उभं राहून मला शिकवायचं नाही, तू मुळी लपवतेस म्हणून मला हे करावं लागलं, असं बरंच काही बोलले. तिने मुळ्यांचं गाठोडं उचललं, आणलं तसं परत नेलं. जाताना "चार राहिले" म्हणाली नाही. ते न म्हणणं मला लागलं, पण मी मागे गेले नाही. गिऱ्हाईक उभं होतं.

ती गेल्याचं कळल्यावर आठवड्याने मी सायवनला गेले. तिची सून सुनंदा घरी होती. पुडीचं सामान अजून सुपात होतं. मी तिथेच बसून एकेक वेगळं करून पाहिलं. शतावरी. धायटीची फुलं. सुंठ. सूप झटकून पाहिलं. आणखी काही नव्हतं.

"चौथी मुळी कुठे ठेवायच्या आई?"

सुनंदा गोंधळली. "चौथी नायच ताई. तीनच."

"मग माझ्या पुडीने गुण का येत नाही तसा?"

"तुम्ही बसवत नाय ना," ती सहज म्हणाली, चुलीला लाकूड लावत. "आई म्हणायच्या, पुडी थोडी बाईसाठी, जास्ती सासूसाठी. बस म्हटलं तर कोण बसू देतं? औषध चालू हाय म्हटलं की देतात."

मला भयंकर राग आला. तिचा, माझा, कोणाचा ते कळेना. "मग हे मला सांगायला काय झालं होतं त्यांना?"

"तुम्ही विचारलं नाय कधी. तुम्ही नुसती मुळी विचारत होता."

दुकानात अजून पुष्कळ पाकिटं पडून आहेत. आता मी प्रत्येक पाकिटावरची ती ओळ काळ्या पेनाने खोडते. बायका विचारतात, इथे काय लिहिलं होतं हो? मी विचारते, किती दिवस बसणार? त्या हसतात आणि पुढच्या दुकानात जातात. जा. मला तरी कोणाच्या सासूशी भांडायला कुठे येतं? भांडायची कला तिच्याकडे होती. मी सगळा जन्म भाव करण्यात घालवला, पण दुसरीसाठी एक दिवस कधी मागून घेतला नाही.

त्या दिवशी सायवनला सुनंदाच्या मागे ती भिंत दिसत होती. बाकीचं घर नव्याने सारवलेलं, तेवढा भाग सोडलेला. माझी ओळ शोधायला वेळ लागला नाही, कारण तीच तेवढी अपुरी होती. पाच ठिपके, पांढरेशुभ्र, आणि पुढे चार बोटांची रिकामी जागा. एवढ्या वर्षांत त्या जागेवर दुसऱ्या कोणाची ओळ चढू दिलेली नव्हती.

"हे इतके ताजे कसे?"

"पावसाळा संपला की आई सगळे ठिपके परत भरायच्या."

"गेल्या वर्षीही?"

"हो."

म्हणजे अबोल्यातही. मग मी विचारलं, "त्यांची ओळ कुठली?"

सुनंदाने भिंतीकडे पाहिलं, जणू हा प्रश्न तिलाही पहिल्यांदाच पडला होता. "आईंची नाय," ती म्हणाली. "आई कधी बसल्याच नाय. ताप आला त्या दिवशीपण भाताच्या आवण्या करून आल्या. चिखलाचे पाय धुवून झोपल्या त्या..." तिने चुलीतलं लाकूड आत सारलं. बुधीबायसाठी नऊ दिवस कोण मागणार होतं? आम्ही सगळ्या तिच्याकडे आपापले दिवस मागायला जात होतो. आणि मी, घासाघीस हा जिचा धंदा, मी तिच्याशी चार दिवस कमी करून घेतले आणि जिंकले म्हणून घरी आले.

मी भिंतीला पाठ लावून बसले. फोन वाजत होता, वाजू दिला. दुपारपर्यंत बसले, मग जीपचा हॉर्न ऐकू आला. शेवटची जीप होती आणि दुसऱ्या दिवशी दुकानात माल येणार होता. सुनंदाने पीठ कालवून ठेवलं होतं. मी उठता उठता वाटीकडे हात नेला. "अर्धा काढते," मी म्हणाले. "अर्धा दिवस तर बसले ना मी?"

सुनंदाने वाटी पदराआड घेतली.

"अगं, अर्धा तरी..."

"चार राहिले, ताई," ती म्हणाली, आणि तांदूळ पाखडायला बसली. मान वर केली नाही.