आंबील न सांडणारा पूल

दोन शाळांची फाटकं, एका रसवंतीचा सांगाडा, थोरल्या लेकीच्या लग्नातलं कपाट आणि भोगावती नदीवरचा एकशे बारा फुटांचा पादचारी पूल. आदरणीय भानुदासअण्णा मिस्त्री यांनी स्वतःच्या हातानं केलेली ही कामं. या गौरव अंकासाठी समितीनं दिलेल्या कागदात पूल 'एकशे दहा फूट' लिहिला होता. एकशे बारा. मोजताना फीत मी धरली होती.

अण्णांकडं मी गेलो तो तिशीत, पाहून-पाहून वेल्डिंग शिकलेला, ताठ मानेचा. माझा वरून देखणा सांधा त्यांनी हातोडीनं ठोकला, तुटला. "फेटा झकास बांधलाय," ते म्हणाले, "डोकं कुठंय?" दुपारी त्यांनी स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढं सरकवली.

पलीकडच्या बायका भाजीची पाटी घेऊन घाण पाण्यातल्या दगडांवरून बाजारात येत. त्यांच्यासाठी गल्लीच्या वर्गणीतून पूल झाला. अण्णांनी मजुरी घेतली नाही. वजन फक्त पायी माणसांचं धरलेलं, म्हणून दोन्ही टोकांना त्यांनी मधोमध खांब रोवले. बाजूला साडेबावीस इंच वाट. माणूस जाईल, मोटारसायकल जाणार नाही.

पुलाची परीक्षा मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला झाली. सगळं गाव शेतावर जेवायला निघालेलं. आपल्या बायकोच्या, आमच्या काकूंच्या, डोक्यावर आंबिलीनं काठोकाठ भरलेला बिंदगा, म्हणजे घागर, देऊन अण्णा म्हणाले, "चला. सांडली तर पूल उतरवतो."

"सांडली तर तुम्ही उपाशी राहताल, पुलाचं काय!" काकू म्हणाल्या. थेंब सांडला नाही.

पुढं खांब कापले गेले. अण्णांनी परत बसवले. असं अकरा वेळा. कापणारे परके नव्हते. हा अंक वाचणारेच होते. एकजण तोंडावर म्हणाला, "अण्णा, पाच मिनिटं वाचतात."

"आन पूल?"

"तो काय आजच पडतोय व्हय?"

यंदाच्या वेळ अमावस्येला मी अण्णा-काकूंच्या मागं पुलावरून चालत होतो. मधोमध पोचलो, समोरच्या टोकाचा खांब पुन्हा कापलेला, तिकडून मोटारसायकल आली, पूल हलला आणि आंबील काकूंच्या पदरावर सांडली. अण्णांनी कठड्यावरून वाकून खालचा सांधा पाहिला. "गेलाय," एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून ते दगडांवरून नदी ओलांडतात. सांध्यातली चीर मी मोजली आहे, चार इंच. उद्या भरून देईन, पण खांब राहिले तरच. ते राहणार नाहीत, हे आता मला कळून चुकलंय.

अण्णांना शंभर वर्षं लाभोत, असं लिहिणार होतो; पण तेवढ्या वर्षांत पूल पडलेला त्यांना पाहावा लागेल. तरी जगा, अण्णा. गुडघे शाबूत राहोत, दगडांवरून जायचंय.

समितीच्या कागदात एक गोष्ट राहिली आहे. पलीकडं प्लॉट विकणारे एक गृहस्थ मागच्या महिन्यात अण्णांकडं आले होते. 'या पुलावरून मोटारसायकल जाऊ शकते' एवढ्या एका ओळीखाली सही हवी होती. अण्णांनी नाही म्हटलं. रक्कम दोन लाख रुपये होती.