मशीनसोबत आलेला पाट

आम्ही घासाघीस न करताच ते मशीन स्वस्त होत गेलं, आणि माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच.

सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. आम्ही मानोऱ्याला राहायचो. नवरा शाळेत विज्ञान शिकवायचा. मुंबईत म्हणे लोक घरी लोडाला टेकून टीव्ही पाहत होते. आमच्या वस्तीत वीज येऊन पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. सिनेमा पाहायचा तो पोहरादेवीच्या यात्रेत, तंबूत, आणि तिथे आमची माणसं बहुतेक पडद्याच्या मागच्या बाजूला बसायची. चित्र तेच, पण अक्षरं उलटी दिसायची. नवरा लहानपणी वाचायला शिकला तेव्हा त्याला सगळ्यात मोठा राग याचा आला होता. त्यामुळे जऊळक्याचा एक तंबूवाला धंदा बंद करून मशीन, पडदा, कर्णा सगळं अर्ध्या किमतीत विकतोय, हे कळलं त्या दिवशी हा माणूस धड जेवलासुद्धा नाही.

"आपल्या वस्तीत आपला पडदा," तो म्हणाला. "समोरून पाहतीन लोक."

मला यात वाईट काहीच दिसत नव्हतं. फक्त त्याच्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली की तो दुसऱ्याचं ऐकत नाही, हे मला लग्नानंतर आठच दिवसांत कळलं होतं. म्हणून मीही सोबत गेले.

जऊळक्याला स्टेशनजवळच्या गोदामात ते मशीन ठेवलेलं होतं. लोखंडी, करड्या रंगाचं, वर दोन मोठी चाकं. तंबूवाला म्हातारा होता आणि बोलताना आमच्याकडे पाहत नव्हता. नवऱ्याने किंमत विचारली. त्याने सांगितली. नवरा मनात हिशेब करू लागला, तर म्हाताऱ्याने स्वतःहूनच आणखी कमी केली. मी बाजारात वांगी घेताना चार आण्यांसाठी भांडणारी बाई. समोरचा आपणहून खाली येतो म्हणजे वांग्यात कीड असते, एवढं मला समजत होतं.

"इतकं स्वस्त काहून देता, बाबा?" मी विचारलं.

"आता होत नाई," तो म्हणाला. "पोरगा नाई, चालवणारं कोनी नाई."

"चालवणारा होता ना एक?"

"त्यानं सोडलं," एवढंच बोलून तो कोपऱ्यात गेला आणि एक लाकडी पाट घेऊन आला. जेवायला बसतो तसाच, पण जाड आणि जड. तो त्याने नवऱ्याच्या हातात दिला. "पैसे आणसान तवा मशीन न्या. पाट आत्ताच घेऊन जा. पाट नेला म्हंजे सौदा झाला. आन मास्तर, याच्यावर उभं राहूनच चालवजा. बिना पाटाचं नाई."

"काहून?" मी विचारलं.

"सवय हाय त्याले," म्हातारा म्हणाला. मशीनला कशाची सवय असते, हे त्याने सांगितलं नाही.

एसटीत तो पाट माझ्या मांडीवर होता. नवरा खिडकीतून बाहेर बघत मनातल्या मनात पडदा कुठे बांधायचा ते ठरवत होता. मला मात्र कधी एकदा घरी पोचते आणि ते ओझं खाली टाकते असं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी पाट धुवायला घेतला. वरच्या बाजूला दोन काळपट खुणा होत्या, पायांच्या. कुणीतरी वर्षानुवर्षं एकाच जागी उभं राहिल्याच्या. उलटा केला तर खाली चारही कोपऱ्यांना सायकलच्या टायरचे तुकडे खिळ्यांनी ठोकलेले. आमच्याकडे मीटर बसवायला आलेला वायरमन मला आठवला. खांबाला हात लावण्याआधी त्याने पिशवीतून रबरी चपला काढून घातल्या होत्या, आणि माझा हात ओला दिसला तर माझ्यावर खेकसला होता. मी पाट तसाच उचलून नवऱ्यासमोर उलटा ठेवला.

त्याला सांगावं लागलं नाही. शाळेत हाच माणूस पोरांना वीज शिकवायचा. त्याचा चेहरा उतरला.

तो एकटाच जऊळक्याला जाऊन आला. मशीन चालू करायला लावून त्याने उलट्या बोटाने पत्र्याला शिवून पाहिलं होतं. "झटका मारते," तो म्हणाला. "सुक्यात जमते. ओल्यात माणूस वाचत नाई." त्याने सौदा मोडला, पाट मात्र आमच्याकडेच राहिला. त्या दिवशी मी आनंदाने पुरणपोळी केली, हेही सांगून टाकते. माझा माणूस वाचला होता, बाकीचं जग गेलं उडत.

पण मास्तर करंटला भ्याला, असं लोकांनी म्हटलेलं त्याला चालणार नव्हतं. म्हणून त्याने सगळ्यांना एकच सांगितलं, पैशाची सोय झाली नाही. त्याचा लहानपणापासूनचा मित्र, ज्याला मी भाऊजी म्हणायचे, स्टँडजवळ सायकलचं दुकान चालवायचा, त्यालाही तेच सांगितलं. उलट्या अक्षरांचा राग त्या दोघांनी मिळून केलेला. तो हसला आणि म्हणाला, "मंग मी घेतो ना, लेका. सौदा कायले सोडा?"

आणि महिन्याभरात त्याने मशीन आणलंसुद्धा. म्हातारा त्याला पाटाचं काही बोलला नसावा, एक सौदा त्या पाटापायी मोडलाच होता.

मी नवऱ्याला म्हटलं, "त्याईले सांगा."

"त्याले मशीनीचं माह्यापेक्षा जास्त समजते. दुरुस्त करून घेईन तो."

"पाट तरी नेऊन द्या."

"पाट दिला तं कारण सांगा लागीन," तो म्हणाला, आणि वर्तमानपत्र उघडून बसला.

मी स्वतः नेऊन देऊ शकत होते. त्यांचं घर चार घरं सोडून होतं. पण नवऱ्याचं हसं करणारी बायको व्हायची माझी हिंमत नव्हती, आणि दुसरं म्हणजे मी तो पाट पाण्याच्या माठाखाली ठेवला होता आणि तिथे तो छान बसला होता. रोज पाणी घेताना नजर जायची. उद्या बघू, असं म्हणून मी रोज माठ भरत राहिले.

भाऊजींनी घरी दोनदा मशीन लावून पाहिलं. कोरड्या ओसरीत, पायात चपला घालून. काही झालं नाही. मला वाटलं, दुरुस्त केलं असेल. खरं तर वाटून घेतलं.

पहिला खेळ वस्तीतल्या बुद्धपौर्णिमेला ठरला. वैशाखातला धुळीचा दिवस. दुपारी उन्हं कलल्यावर आम्ही बायकांनी विहारापुढची जागा झाडली आणि बादल्याच्या बादल्या पाणी शिंपडलं. कुठलंही चांगलं काम असलं की आमच्याकडे आधी असंच करतात. मशीन ठेवायच्या टेबलाभोवती तर मी स्वतः दोन बादल्या जास्त ओतल्या, कारण तिथे माती फार उडत होती. पाणी ओतताना माझा हात एकदा थांबला. मग कुणीतरी हाक मारली आणि मी बादली रिकामी केली.

अंधार पडला. सगळ्यांनी चपला कडेला काढल्या, मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली. तिथे पायात काही घालून उभं राहायची कुणाची छाती नव्हती. वंदना संपली आणि भाऊजी हात जोडलेले तसेच, अनवाणी, ओल्या मातीतून टेबलाकडे चालू लागले. लोक वळून पडद्यापुढे बसले, समोरच्या बाजूला. मी चपलांच्या रांगेकडे पाहिलं. त्यांच्या रबरी चपला मला ओळखू येत होत्या, एकीला तांबड्या दोऱ्याचा टाका होता. मी उठले. चपला उचलून नेऊन द्यायच्या, एवढंच तर काम. दहा पावलं.

नवऱ्याने माझा हात धरला. "बस," तो हळूच म्हणाला. "सगळे पाहून राह्यले."

आणि मी बसले.

पडद्यावर उजेड पडला. अक्षरं सरळ दिसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पोरं ओरडली. सगळ्यांची तोंडं पडद्याकडे होती, म्हणून कुणाला काही कळलं नाही. मी एकटी मागे पाहत होते. भाऊजींचा हात मशीनला चिकटलेला होता आणि ते माझ्याकडे बघत होते की कुठे, सांगता येत नाही. मी किंचाळले. कुणीतरी वायर ओढली तोवर पडद्यावर चित्र चालूच होतं.

नवऱ्याने त्यानंतर शाळेत वीज शिकवायचा धडा आला की रजा घ्यायला सुरुवात केली. पाट त्याने एकदा चुलीत घालायला काढला होता. मी हिसकावून घेतला, का ते मला आजही सांगता येणार नाही.

भाऊजी गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी स्वयंपाकात होते. भाऊजींची बायको मला मागच्या बाजूला घेऊन गेली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. "ताई, एक विचारू?" ती म्हणाली. "आधी तं तुमीच घेऊन राह्यले होते ना थे मशीन? मंग काहून नाई घेतलं?"

मी तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"पैशाची सोय नाई झाली," मी म्हटलं.