न्हाऊ घालताना बोलायचं नाही

लेक पहिल्या बाळंतपणाला काष्टीला आमच्याकडे आली, तेव्हा बाळाला न्हाऊ घालायला एक मावशी ठरवल्या. मूळच्या जामखेडकडच्या. तरुणपणी ऊसतोडीला इकडे यायच्या, पुढे कोयता सुटला आणि इथंच राहिल्या. गावातली कितीतरी पोरं त्यांच्या पायांवर न्हाली होती.

पाटावर पाय लांब करून बसायच्या, नातीला पायांवर घ्यायच्या आणि तेलाचा हात फिरायला लागला की तोंडही सुरू व्हायचं. ‘कोन आलं गं, कोन आलं? माजी मैना आली. लई शानी हाय, लई शानी हाय.’ हात वर गेला की आवाज वर, खाली आला की खाली. मग एकदम थांबून बाळाच्या तोंडाकडं बघत राहायच्या. दीड महिन्याची नात तेवढ्यात ‘अंऽगू’ करायची. ‘व्हय का? आसं म्हनली व्हय?’ की हात पुन्हा सुरू.

मी बाहेर पेपर धरून बसलेला असायचो. वाचत नव्हतो, हे आता सांगून टाकतो. ते बोलणं मला टोचायचं. मी हायस्कूलमध्ये मराठी शिकवतो. मुलांच्या तोंडातलं ‘हाय’ आणि ‘न्हाई’ काढण्यात माझी सगळी नोकरी गेली. त्याआधी ते माझ्या स्वतःच्या तोंडातून काढलं होतं. बी.एड.ला असताना माझ्या पहिल्याच पाठाला वर्ग हसला, तेव्हापासून मी आईशीसुद्धा पुस्तकासारखं बोलू लागलो. ‘तू बोलला की घरात सायेब आल्यागत वाटतंय रं,’ असं ती म्हणायची. मला ते कौतुक वाटायचं.

एका सकाळी मावशी निघाल्या तेव्हा मी त्यांना ओट्यावर गाठलं. घरातल्या कुणाला ऐकू जाणार नाही, हे बघून.

‘मावशी, बाळासमोर असं बोलत जाऊ नका. कानावर पडेल तेच ती उचलेल. नीट बोलता येत नसेल तर गप्प राहून न्हाऊ घाला.’

त्यांनी पदराला हात पुसले. ‘बरं, गुरुजी.’

दुसऱ्या दिवसापासून न्हाणीतून नुसता पाण्याचा आवाज यायला लागला. तीन-चार दिवसांत नात न्हाताना रडू लागली. अंग चोरायची, हातपाय आखडायची. लेक म्हणाली, ‘अण्णा, मावशींचा हात जड झालाय का हो?’

मला उत्तर माहीत होतं. मी म्हणालो, ‘वय झालंय त्यांचं.’

एवढंच बोललो. आठवड्याच्या आत लेकीनं त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मावशींनी जाताना माझ्याकडे एकदा पाहिलं. मी पेपर वर धरला.

मग लेक स्वतःच न्हाऊ घालायला लागली. बाजूला मोबाईलवर गाणी. पुढच्या लसीला गेलो तेव्हा डॉक्टरबाईंनी नातीला नीट तपासलं आणि विचारलं, ‘हुंकार देते ना?’

‘आधी खूप द्यायची. आता कमी झालंय,’ लेक म्हणाली.

‘तशी छान आहे ती. पण घरात तिच्याशी बोलतं कोण?’

लेकीनं मोबाईलचं सांगितलं, तशा बाई हसल्या. ‘मोबाईल थांबून तिची वाट बघतो का? शब्द तिला इतक्यात कळायचे नाहीत, बोलण्याची चाल कळते. आवाज कुठं चढतो, कुठं उतरतो, कुठं थांबतो. त्या चालीवरूनच पुढं एकेक शब्द वेगळा ऐकू यायला लागतो. हेल काढून, लाडानं बोला. तुमच्या घरात जी बोली असेल तिच्यात.’

परतताना गाडीतच मी लेकीला सगळं सांगितलं.

‘म्हणजे मावशींचं काही चुकलंच नव्हतं? अण्णा, मी दोन घरी सांगितलंय, त्यांना बोलावू नका म्हणून.’

संध्याकाळपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. मग म्हणाली, ‘मी नाही जाणार. तुम्ही जा.’

मावशी दारात शेंगा फोडत बसल्या होत्या. डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते मी उभ्यानंच सांगितलं, लेकीला ‘वय झालंय’ म्हणालो होतो तेही.

‘पोर कशापायी रडती ते मला ठावं हुतं की.’

‘मग सांगितलं का नाहीत?’

‘तुमीच गप ऱ्हा म्हनले. मंग कोन्या तोंडानं सांगू?’ त्या हसल्या. मला हसू आलं नाही. ‘फडात पोर झाडाखाली टाकायचो, गुरुजी. ऊस तोडत तोडत लांब गेलं की दिसायचं न्हाई. मंग कोयत्याच्या ठेक्यावर बोलत ऱ्हायचं. हाय गं, हाय गं, आई हितंच हाय. आवाज पोचतोय तवर पोर गप. मुक्यानं पोर धुवायचं म्हंजी भांडं घासल्यावानी हुतंय.’

‘उद्यापासून याल?’

‘यीन की. पोरीनं काय केलंय? पन त्या दोन घरांत मी अजून जड हाताचीच हाय. त्याचं काय करता?’

पहिलं घर माझ्या जुन्या विद्यार्थ्याचं निघालं. ‘या सर, बसा,’ म्हणून त्यानं खुर्ची पुढं केली. मी बसलो नाही. मावशींच्या हाताला काही झालेलं नाही, मीच त्यांना गप्प केलं होतं, असं मी सांगितलं.

त्याच्या आईनं विचारलं, ‘पण का हो, सर?’

येताना एवढा विचार मी केला नव्हता. आतून त्यांचं बाळ रडत होतं, सून दाराशी येऊन ऐकत होती.

‘त्यांच्या बोलण्याची लाज वाटली,’ मी म्हणालो. ‘माझी आई असंच बोलायची. तिचीही वाटायची.’

विद्यार्थी खाली बघत होता. वर्गात कितीदा तरी मी त्याला असंच खाली बघायला लावलं असेल.

‘सांगा मग मावशींना यायला,’ त्याची आई म्हणाली. ‘आणि बसा तरी, चहा टाकते.’

मी म्हटलं, नको, अजून एका घरी जायचंय.