उरलेला डोस

लशीचा एक डोस म्हणजे अर्धा मिली. चहाच्या चमच्यात ओतला तर तळसुद्धा धड भिजणार नाही. पण तेवढ्यावर आमच्या झाशीच्या मराठी मंडळींनी जे किस्से पिकवलेत, ते मोजायला बसलो तर आणखी एक लाट येऊन जाईल! पहिल्या दोन डोसांच्या वेळी सगळे घाबरलेले होते, कुणाला काही सुचलंच नाही. तिसऱ्याच्या, म्हणजे बूस्टरच्या वेळी जरा जीवात जीव आला होता. आणि माणसाच्या जीवात जीव आला की त्याचा मूळ स्वभाव लगेच बाहेर पडतो!

सुरुवात माझ्यापासूनच करतो, म्हणजे पुढे कुणाची तक्रार नको.

बूस्टर घेऊन घरी आलो आणि हात धरून सोफ्यावर पडलो. सिलिंडर उचलणं बंद, पिठाची पिशवी आणणं बंद, माळ्यावरचे डबे काढणं बंद. आठ दिवस मी संस्थानिकासारखा राहिलो. नवव्या दिवशी बायको चहा देता देता थबकली.

"अहो, सुई डाव्या हाताला टोचली होती ना?"

"हो. का?"

"मग आठ दिवस उजवा धरून काय बसलाय?"

मी म्हटलं, "अगं, औषध आहे ते. अंगभर फिरतं!"

त्या दिवशी मी दोन सिलिंडर उचलले. एक आमचा, एक शेजारच्यांचा.

*

ओरछा गेटजवळ आमच्या मंडळाचा लहानसा हॉल आहे. मंडळात माणसं दोन प्रकारची. एक माझ्यासारखी, ज्यांचे खापरपणजोबा घोड्यावर बसून इथे आले आणि परत जायचं विसरले. दुसरी मध्यासारखी, ज्यांना रेल्वेने बदलीवर आणून टाकलं. मध्या वर्कशॉपात आहे आणि मंडळाची प्रत्येक यादी त्याच्याकडे असते.

गणपतीच्या तीन आठवडे आधी हॉलमध्ये बूस्टरचं शिबिर ठेवलं. मध्याचा पहिला नंबर लागलाच पाहिजे! सकाळी सहाला येऊन त्याने पहिल्या खुर्चीवर रुमाल टाकला, जनरल डब्यात टाकतात तसा, आणि चहा-जिलबीला निघून गेला. पाठोपाठ आलेल्या रेल्वेवाल्यांनी रुमाल पाहिला. त्यांना कुणी काही सांगावं लागतं का? त्यांनीही टाकले आणि तेही जिलबीला गेले.

नवाला लस देणारी दीदी आली. समोर चौदा खुर्च्या, चौदा रुमाल, माणूस एक नाही. मी एकटा दारात उभा.

दीदीने शांतपणे विचारलं, "भाईसाहब, रूमालों को ही लगा दूँ क्या?"

*

टोचून झाल्यावर अर्धा तास मागच्या खोलीत बसायचं होतं, कुणाला काही त्रास होतो का ते बघायला. त्या खोलीत आमच्या कमलकाकूंनी भाजणीच्या चकल्यांचा डबा उघडला. पाठोपाठ कुणाची लोणच्याची बरणी आली, मग सुनांचा विषय निघाला. खोलीत माणसं जात होती, पण बाहेर कुणी येईना! दीदी घाबरून आत धावली.

"आंटीजी, आपके तीस मिनट तो दो घंटे पहले हो गए!"

काकू म्हणाल्या, "अरे बेटी, कुछ हो गया तो? तू भी बैठ, चकली खा."

दीदी बसली. त्यानंतर खरंच अर्धा तास कुणालाच लस मिळाली नाही.

*

पण शिबिरात एक खुर्ची रिकामी राहिली. आप्पांची.

आप्पा रेल्वेचे रिटायर्ड गार्ड, वय अठ्ठ्याहत्तर. आमच्याकडे गणपतीची आरती आप्पांच्या शिट्टीशिवाय सुरू होत नाही. सगळे टाळ सरसावून उभे, आप्पा घड्याळ बघणार, डावीकडे उजवीकडे बघणार, मग शिट्टी. मग पेटीवर काळे मास्तर. असं पंचवीस वर्षं चाललं. दुसऱ्या लाटेत मास्तर गेले आणि आप्पांनी फाटकाबाहेर पडणंच सोडलं. मुलाने गाडीची काच वर करून दोन डोस देऊन आणले, तेवढंच. तिसऱ्याचं नाव काढलं की म्हणायचे, "आता कशाला? मला कुठे जायचंय?"

आम्ही सगळ्यांनी समजावून पाहिलं. माझी बायको तर रडलीसुद्धा. आप्पा ढिम्म! या वर्षीही आरती बिनशिट्टीची होणार, असं आम्ही धरून चाललो होतो.

आणि मग मध्याने घोळ घातला.

आमच्या महाप्रसादाला जे म्हातारे येऊ शकत नाहीत, त्यांच्या नावापुढे मध्या आधीच बरोबरची खूण करून टाकतो, कारण त्यांचा डबा घरी जातो. शिबिराच्या यादीवरही त्याने सवयीने आप्पांच्या नावापुढे खूण केली! कॉम्प्युटरवर बसलेल्या पोराने खूण पाहून नोंद केली. संध्याकाळी आप्पांच्या मोबाईलवर मेसेज: अभिनंदन, सकाळी ११.४२ वाजता तुम्हाला बूस्टर देण्यात आला आहे.

पाचव्या मिनिटाला आप्पांचा मला फोन. "अकरा बेचाळीसला मी घरी दाढी करत होतो!"

"आप्पा, चूक झाली. मध्याने डब्याची खूण केली."

"लस काय डब्यातून पाठवणार होता? अरे, अडतीस वर्षं शिट्टी देऊन गाड्या सोडल्या. दोन मिनिटांची खोटी नोंद केली नाही कधी. आणि आता सरकारच्या कागदावर मी खोटा?"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी आप्पा सिव्हिल लाइन्सच्या लसीकरण केंद्रावर हजर! चालत. काठी घेऊन. त्यांची सून त्यांच्या मागे आणि खबर मिळताच मी सुनेच्या मागे.

तिथे तीच दीदी. तिने नंबर टाकला. "चाचाजी, आपका तो हरा दिखा रहा है. लग चुका है."

"बेटी, सिग्नल हरा हो गया, पर गाड़ी तो यहीं खड़ी है!" असं म्हणून आप्पांनी शर्टाची बाही वर केली.

प्रकरण डॉक्टरांपर्यंत गेलं. डॉक्टर समजूतदार निघाले. म्हणाले, एका बाटलीत दहा डोस असतात, उघडली की ठरावीक तासांत संपवायची. संध्याकाळी चारला एखादा उरला तर चाचाजींना द्या, नोंद मी दुरुस्त करवतो.

आप्पा बाकावर बसले. चारला चार मिनिटं कमी असताना मोठ गावाहून बसने आलेली एक बाई धापा टाकत दारात.

"काय दीदी, खतम हो गई का?"

दीदीने आप्पांकडे पाहिलं. आप्पा उठले आणि बाईंना वाट करून दिली.

*

मग हे रोजचंच झालं. आप्पा नऊ पाचला जायचे, चारला रिकाम्या हाताने परत. आम्ही विचारायचो, "आज तरी?" ते म्हणायचे, "नाही उरला."

तिसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातून जुने झेंडे काढून नेले. हिरवा दाखवला की एकाने आत जायचं, लाल दाखवला की थांबायचं. केंद्रावरची ढकलाढकली एका सकाळीत बंद! एक मोठे अधिकारी रांग सोडून सरळ आत निघाले होते; लाल झेंडा बघून जागच्या जागी उभे राहिले. मी स्वतः पाहिलंय. आता ते अधिकारी किती मोठे होते यावर मध्या माझ्याशी भांडतो, पण झेंडा लालच होता.

पाचव्या दिवशी कमलकाकूंनी चकल्या पाठवल्या. आठव्या दिवशी आप्पा तिथल्या चहावाल्याला त्याच्या पोरीच्या स्थळाबद्दल सल्ला देत होते. बाराव्या दिवशी सून मला म्हणाली, "काका, डोस मिळो न मिळो, आप्पा पूर्वीसारखे जेवायला लागलेत."

गणपतीच्या आदल्या संध्याकाळी आप्पांचा फोन. "मिळाला. नोंद खरी झाली."

*

दुसऱ्या दिवशी हॉल भरलेला. पेटीवर मास्तरांची नात बसली होती. मराठी बोलताना अडखळते, पण आरती तोंडपाठ. आप्पांनी तिच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, डावीकडे उजवीकडे पाहिलं. मग शिट्टी वाजली, आणि पुढचा अर्धा तास कुणाला कुणाचं ऐकू आलं नाही.

प्रसादाला दीदीलाही बोलावलं होतं. मी तिच्या पानात मोदक वाढत म्हटलं, "दीदी, बेचारे चाचाजी को कितने दिन बैठना पड़ा! रोज़ एक भी नहीं बचती थी?"

दीदी मोदक खाता खाता थांबली. "कौन बोला? पहले दिन छोड़ के रोज़ दो-तीन बचती थीं, भाईसाहब! मैं रोज़ कहती थी, चाचा, आ जाओ, लगा दूँ. कहते थे, आज रहने दे बेटी, कल देखेंगे."

मी मान वळवली. आप्पा शेजारीच बसले होते. त्यांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मोदकावर तुपाची धार सोडली, दीदीकडे वाकले आणि हळूच विचारलं,

"बेटी, वो चौथा कब से शुरू हो रहा है?"